शालेय आरोग्य-सर्वेक्षणांची विश्वसनीयता

शाळेत आरोग्याविषयी कोणते नियम आहेत आणि ते कितपत पाळले जातात, हे विचारणाऱ्या प्रश्नावलीला, परिस्थिती बदललेली नसताना, पुन्हा तेच उत्तर मिळते काय, याची पडताळणी म्हणजे विश्वसनीयता-चाचणी. सप्रमाणता, म्हणजे उत्तराचा वस्तुस्थितीशी मेळ, ही निराळी कसोटी असून, दरवेळी तीच चूक नोंदवणारी प्रश्नावलीही विश्वसनीय ठरू शकते.

अमेरिकेत अशी राष्ट्रीय पाहणी १९९४ पासून झाली. भारतात देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१९ मध्ये केलेल्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात विद्यार्थ्यांबरोबर शाळाप्रमुखांनाही प्रश्न विचारण्यात आले. यू-डायस या शासकीय शालेय माहिती-प्रणालीतील वार्षिक माहिती तर शाळा स्वतःच भरते.

चाचणीची रूढ रीत पुनर्चाचणीची : काही दिवसांनी त्याच मुख्याध्यापकांना तेच प्रश्न विचारायचे. मात्र आधीचे उत्तर लक्षात राहिल्यास मेळ फुगतो. दुसऱ्या रीतीत एकाच वस्तुस्थितीविषयी दोघांची उत्तरे ताडून पाहतात आणि तिला मुंबईसारखे सोयीचे शहर विरळाच, कारण येथे महापालिकेच्या एकाच इमारतीत निरनिराळ्या माध्यमांच्या शाळा, कधी सकाळ-दुपारच्या सत्रांत, भरतात. पाण्याची टाकी व स्वच्छतागृहे सामाईक, मुख्याध्यापक मात्र वेगळे. तेव्हा परळ वा लालबागच्या अशा इमारतीतून टाकीच्या सफाईविषयी दोन उत्तरे आली, तर आधी प्रश्नाची शब्दरचना तपासावी लागते.

नुसती टक्केवारी येथे फसवी ठरते. समजा, १०० शाळांपैकी ९० दोन्ही वेळा ‘होय’ व २ दोन्ही वेळा ‘नाही’ म्हणाल्या आणि उरलेल्या ८ शाळांपैकी निम्म्या ‘होय’वरून ‘नाही’कडे, निम्म्या उलट वळल्या, तर मेळ ९२ टक्के दिसतो, परंतु जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला, योगायोगाने जुळणाऱ्या उत्तरांचा वाटा वजा करणारा कप्पा गुणांक जेमतेम ०.२९ भरतो. तंबाखूबंदीसारख्या, ‘नाही’ म्हणणे अवघड असलेल्या प्रश्नांत हा पेच हमखास येतो.

याच विषयातील १०० यार्डांचा, म्हणजे सुमारे ९१ मीटरांचा प्रश्न अधिक बोलका आहे. २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून तेवढ्या अंतरात तंबाखूविक्रीस मनाई आहे आणि हे अंतर आवारभिंतीच्या बाहेरील कडेपासून सर्व दिशांना सरळ रेषेत मोजायचे असते. पण गिरगावातील दाट वस्तीत उत्तर देणारा ते एकदा फाटकापासून, एकदा गल्लीच्या वळणाने मोजतो आणि तीच पानटपरी एका खेपेस आत, दुसऱ्या खेपेस बाहेर पडते. मोजण्याची रीत प्रश्नातच छापली, तर तफावत शब्दांमुळे आली की टपरी खरोखर हलली, हे वेगळे काढणे सोपे जाते.