पांगरीच्या पुढं निजामाचा मुलूख

1946 सालचा चैत्र. बार्शीच्या बाजारात तुम्ही इंग्रजांचे कलदार रुपये मोडून निजामाचे हाली रुपये घेता. शंभराला सुमारे एकशे सोळा. वर सराफाचा बट्टा. मग लातूरची गाडी. बार्शी लाइट रेल्वेचे रूळ अडीच फुटांचे, समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागतो. 1911 मध्ये ही गाडी लातूरला पोचली आणि तिथल्या कापसाला मुंबईची वाट जवळ झाली.

पांगरी मागं पडली की डबा गप्प होतो. पांगरी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यातली, पुढची येडशी निजामाच्या हैदराबाद संस्थानातली. शेजारची बाई लेकीच्या लग्नासाठी घेतलेलं कोरं लुगडं घाईघाईनं नेसत्या लुगड्यावर गुंडाळते. तुम्ही खिडकीबाहेर बघता. येडशीला करोडगिरीचा शिपाई डब्यात डोकावतो. "गाठोडं सोडा." संस्थानात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर शेकडा पाचची जकात. तो गाठी चाचपतो, बाईकडं निरखून बघतो आणि पुढं जातो. तिचा हात अजून पदरावर घट्ट असतो.

आता दोन वर्षं पुढं या. 1948 चा उन्हाळा. हैदराबाद सरकारनं कलदार व्यवहारातून बाद केलाय. इकडून भारतानं मालाची कोंडी केलीय, औषधं आणि पेट्रोलसुद्धा अडकलंय. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या धाकानं घरंदारं सोडलेली माणसं बार्शी-सोलापूरच्या वाटेला लागली आहेत. पूर्वी सीमा ओलांडताना माल लपवायचा, आता जीव वाचवायचा. पोरं कडेवर आहेत, म्हातारी मागं राहिलीय. 17 सप्टेंबरला निजाम शरण आला. लाहोर आणि अमृतसरच्या मध्ये त्याआधी वर्षभर फाळणीनं उभी राहिलेली सीमा आजही गाड्या अडवते. आपली पुसली गेली, हे मराठवाड्याचं मोठं भाग्य.

पण संस्थानानं आणि कंपन्यांनी आखलेले रूळ तसेच राहिले. नांदेड मीटरगेजनं मनमाडला जोडलेलं, लातूर नॅरोगेजनं कुर्डुवाडीला. दोन्ही एकाच निजामाची. त्यांना बाहेर जायला वाट होती, एकमेकांकडं जायला सरळ रूळ नव्हता. लातूर-कुर्डुवाडी ब्रॉडगेज व्हायला 2008 उजाडलं. नांदेडहून लातूरला रेल्वेनं जायचं तर आजही परभणी-परळीचा वळसा घ्यावा लागतो. लोह्यामार्गे थेट मार्गाची मागणी जुनी आहे. नांदेड-लातूरच्या लोकांनी ती आता एकत्र येऊन लावून धरायला हवी.