येळवस: एका दिवसापुरतं मोकळं शिवार

मार्गशीर्षातल्या अमावास्येला धाराशिवच्या बाजारपेठेत चहासुद्धा मुश्किलीने मिळतो. सारं गाव शिवारात गेलेलं असतं. पंचांगात ही दर्शवेळा अमावास्या. लोकांच्या तोंडी येळवस. शहरं ओस पडणारच, म्हणून प्रशासनही या दिवसाची स्थानिक सुट्टी जाहीर करतं.

डिसेंबर सरताना किंवा जानेवारी उजाडताना हा दिवस येतो. तेव्हा ज्वारी पुरुषभर उंच झालेली असते, हरभऱ्याला जांभळी फुलं लागलेली असतात. शेतात कडब्याची कोप उभारतात, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजतात. मग आंबिलीचं बिंदगं उघडतं. ताकात ज्वारीचं पीठ शिजवून केलेली ही आंबील आधी पिकावर शिंपडायची, मग आपण प्यायची. तुरीचे-वालाचे ओले दाणे, हरभरा, हिरव्या पालेभाज्या आणि बेसन एकत्र शिजवलेली भज्जी हा जेवणाचा राजा. सोबत बाजरीचे उंडे, शेंगदाण्याची पोळी, खीर. भज्जीला ‘मिक्स भाजी’ म्हणणाऱ्याला इकडे कुणी दुसऱ्यांदा वाढत नसावं! सूर्य कलला की कडब्याचा हेंडगा पेटवून पिकाभोवती फिरवतात.

ही रीत नेमकी केव्हा सुरू झाली याची सनावळी नाही, पण तिचा नकाशा बोलका आहे. बीदर, कलबुर्गीकडे हीच अमावास्या ‘एळ्ळ अमावास्या’ म्हणून पाळतात. तिथेही आंबील आहे आणि पिकात नैवेद्य शिंपडणंही आहे. आंबील शिंपडताना धाराशिवकडे दिली जाणारी आरोळीही कानडी वळणाची. हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत बीदर कर्नाटकाकडे, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, तर त्याचे निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्याला जोडले गेले. १९८२ मध्ये तेच तालुके नव्या लातूर जिल्ह्यात गेले. सरकारी सीमा पुन्हा पुन्हा हलल्या, येळवस मात्र जागची हलली नाही.

झाडांखाली, पिकांत बसून जेवण्याचा असाच सार्वजनिक सोहळा जपानने शहरात नेऊन बसवला. चेरीच्या फुलांखालची मेजवानी, हानामी, आधी दरबारी होती. सम्राट सागाने ८१२ मध्ये क्योतोत अशी पुष्पमेजवानी दिल्याची नोंद आहे. ती सामान्यांच्या हाती आली अठराव्या शतकात. शोगुन योशिमुनेने १७२० च्या सुमारास एदोजवळच्या (एदो म्हणजे आजचं तोक्यो) आसुकायामा टेकडीवर हजाराहून अधिक चेरीची झाडं लावून घेतली आणि पुढे ती जागा लोकांना खुली केली. १८७३ मध्ये तोक्योचं उएनो सार्वजनिक उद्यान झालं; आजही वसंतात तिथे निळ्या ताडपत्र्या अंथरून जागा अडवण्याची चढाओढ लागते.

फरक इथेच आहे. उएनोत बसायला कुणाची परवानगी लागत नाही, फक्त लवकर जावं लागतं. येळवसीला मात्र शेत लागतं. ज्याला शेत नाही, त्याला शेत असलेल्याचं बोलावणं लागतं. बोलावणी सढळ हाताने दिली जातात, ओळखीपाळखीचे, नोकरीला आलेले परगावचे, सगळे एकाच पंगतीला बसतात. तरीही पाहुणचार तो पाहुणचारच. नगरपालिकांनी या दिवसासाठी एखादं मोकळं शिवार किंवा बाग राखून ठेवायला हरकत नाही. योशिमुनेने तीनशे वर्षांपूर्वी केलं, ते याहून फार वेगळं नव्हतं.

कोपही आता बदलते आहे. सोयाबीन वाढलं, रब्बी ज्वारी मागे पडली, कडबा महागला. मग कुठे साडी, कुठे हिरवी जाळी बांधून काम भागवतात. भज्जी मात्र तशीच आहे.

धाराशिवकडून बोलावणं आलं तर सकाळचा नाश्ता करून जाऊ नका. आणि पिकातून चालताना बांध सोडू नका.