आमांशावरील औषधांची मात्रा व मुदत : एक ऐतिहासिक आलोचन

आतड्यातील परोपजीवी जंतूंमुळे होणाऱ्या अतिसारावर गुणकारी औषध सापडणे ही एक गोष्ट, आणि ते निर्धोकपणे कसे द्यावे हे कळणे ही दुसरी. वैद्यकाच्या इतिहासात या दोहोंमध्ये पुष्कळदा मोठे अंतर पडलेले दिसते. अमीबाजन्य आमांशाच्या बाबतीत तर एकदा कळलेली गोष्ट पुढील पिढीत विस्मृतीत गेल्याचेही आढळते.

ब्राझीलमधील इपिकाकुआन्हा या वनस्पतीची मुळी सतराव्या शतकात युरोपात पोचली. पॅरिसमध्ये हेल्व्हेशियस नावाचा वैद्य ती गुप्त औषध म्हणून विकीत असे. १६८८ साली चौदाव्या लुईने ते गुपित विकत घेतले. मुळीतील एमेटीन हे द्रव्य १८१७ साली पेल्तिए व माझांदी यांनी वेगळे केले. रोगास कारण असणारा अमीबा मात्र १८७५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे ल्योश याच्या दृष्टीस पडला. म्हणजे औषध आधी आणि कारण मागाहून, असा हा क्रम आहे. ही मुळी पोटात दिली असता रुग्णास अनावर वांत्या होत, म्हणून आधी अफूची मात्रा द्यावी लागे. १९१२ साली कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स यांनी एमेटीन टोचून देण्यास आरंभ केला आणि ही अडचण बरीचशी दूर झाली.

तथापि एमेटीन हृदयाच्या स्नायूस अपायकारक आहे आणि ते शरीरातून अतिशय सावकाश बाहेर पडते. रोज दिलेली मात्रा आदल्या दिवशीच्या शिल्लक मात्रेत भर घालते. हे लवकरच ध्यानात आले व त्यातून उपचाराची एक शिस्त तयार झाली : रुग्णास अंथरुणावर पडून ठेवावे, नाडीवर लक्ष असावे, उपचार सुमारे दहा दिवसांपलीकडे नेऊ नये, आणि पुन्हा देण्यापूर्वी काही आठवडे जाऊ द्यावेत. सुई टोचण्यास वैद्य लागे. वैद्य समोर असे, म्हणून मुदतही पाळली जाई.

गोळीने ही स्थिती पालटली. क्लिओक्विनॉल हे द्रव्य मुळात जखमेवर लावण्याचे जंतुनाशक होते. १९३४ साली बाझेलच्या सिबा कंपनीने ते आमांशासाठी ‘एंटेरो-व्हायोफॉर्म’ या नावाने पोटात घेण्याच्या रूपात बाजारात आणले. हे औषध आतड्यातच राहते, रक्तात फारसे उतरत नाही, अशी समजूत होती आणि त्याच्या निर्धोकपणाचा सारा डोलारा या एका समजुतीवर उभा होता. १९३५ सालीच अर्जेंटिनातून मज्जासंस्थेच्या विकारांचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. जपानमध्ये १९३६ साली या औषधाची गणना तीव्र औषधांत करण्यात आली, पण १९३९ साली ते बंधन काढून टाकण्यात आले. युद्धोत्तर काळात ते तेथे साध्या पोटदुखीवरही सर्रास दिले जाऊ लागले, तेही मोठ्या मात्रेत व दीर्घकाळ.

१९५५ च्या सुमारापासून जपानात एक नवाच विकार दिसू लागला. प्रथम पोटाची तक्रार, मग पायांना मुंग्या व बधिरता, चालण्यातील अडखळ आणि काहींची दृष्टी गेलेली. १९६४ साली त्यास ‘स्मॉन’ हे नाव मिळाले. तो विषाणुजन्य असून संसर्गाने पसरतो असा तर्क प्रबळ झाल्याने रुग्ण समाजात अस्पृश्यवत झाले. काहींनी आत्महत्या केल्या. उलगडा झाला तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या खुणेवरून. कित्येक रुग्णांच्या जिभेवर हिरवट थर येई, काहींची लघवीही हिरवी होई. १९७० साली हा रंग क्लिओक्विनॉल व लोह यांच्या संयुगाचा असल्याचे सिद्ध झाले. जे औषध रक्तात उतरत नाही असे मानले गेले, तेच मूत्रावाटे बाहेर पडत होते. त्याच वर्षी निइगाता विद्यापीठाचे तादाओ त्सुबाकी यांनी जवळजवळ सर्व रुग्णांनी आजारापूर्वी हे औषध घेतल्याचे दाखवून दिले. सप्टेंबर १९७० मध्ये विक्री थांबविण्यात आली व पुढील वर्षी नवे रुग्ण अगदी मोजके उरले. एकूण बाधितांची संख्या दहा हजारांच्या घरात होती.

येथे एक बाब दृष्टिआड करता येत नाही. यांतील बहुतेकांनी औषध वैद्याच्या सांगण्यावरूनच घेतले होते. औषधानेही पोटदुखी उत्पन्न होई. ती मूळ रोगाची समजून मात्रा चालू ठेवली जाई, क्वचित वाढविलीही जाई. ‘वैद्याच्या सल्ल्याने’ या शब्दांत सुरक्षिततेची हमी तेव्हाच येते, जेव्हा तो सल्ला मात्रेबरोबर मुदतही ठरवितो. १९७८ साली टोकियोच्या न्यायालयाने शासन व औषधकंपन्या या दोहोंना उत्तरदायी धरले. १९७९ साली औषधपीडितांच्या साहाय्यार्थ कायदा झाला.

१९६६ साली दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे मेट्रोनिडाझोल अमीबाजन्य आमांश व यकृताचे गळू या दोहोंवर गुणकारी ठरले आणि एमेटीन मागे पडले. त्याचा उपचार सामान्यतः पाच ते दहा दिवसांचा असतो. त्या काळात मद्य वर्ज्य सांगतात. आतड्याच्या पोकळीतील पुटी नष्ट करण्यासाठी मागाहून डायलॉक्सनाइडसारखे दुसरे औषध द्यावे लागते, कारण पहिल्याने त्यांचा पुरता नाश होत नाही. दीर्घकाळ घेतल्यास मेट्रोनिडाझोलनेही हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते. बधिरता जाणवताच ते थांबवून वैद्यास कळवावे, हा दंडक आहे.

औषध कोणास द्यावे हा प्रश्न त्याहून जुना आहे. १९२५ साली फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रुंप्त याने रोगकारक अमीबासारखीच दिसणारी, पण निरुपद्रवी अशी दुसरी जाती असल्याचे मांडले. त्याकडे जवळजवळ कोणी लक्ष दिले नाही. १९९३ साली त्याचे म्हणणे मान्य झाले. या दोन जातींच्या पुटी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येत नाहीत. त्यामुळे मधल्या अडुसष्ट वर्षांत केवळ पुटी सापडल्या म्हणून ज्यांना एमेटीनच्या सुया वा क्लिओक्विनॉलच्या गोळ्या दिल्या गेल्या, त्यांतील पुष्कळांना मुळात रोगच नसावा.