शेजाराची घटना: सहकारी गृहनिर्माण संस्था आणि मानद कारभार

मुंबईच्या निवासेतिहासात चाळमालक आणि भाडेकरू या जोडीचा विचार पुष्कळ झाला आहे. स्वतःच्या घराबरोबर शेजाऱ्याच्या घराचाही कारभार विनावेतन पाहणारा रहिवासी मात्र अभ्यासाच्या परिघावरच राहिला. त्याच्या अधिकाराचे अधिष्ठान कोणते, हा प्रश्न सामाजिक आहे तितकाच भाषिकही आहे.

१९०४ च्या सहकार कायद्याला केवळ पतसंस्था अभिप्रेत होत्या. १९१२ च्या कायद्याने अन्य प्रयोजनांच्या संस्थांनाही वाट मोकळी केली. १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तिचे प्रवर्तक रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ मध्येच ज्ञातिबांधवांसाठी शामराव विठ्ठल यांच्या नावाने पतसंस्था उभारली होती. घरी कोकणी बोलणारा, उत्तर कानड्यातून आलेला चित्रापूर सारस्वत समाज येथे इंग्रजी कायद्याच्या चौकटीत आपला शेजार रचत होता. इमारत संस्थेची आणि सदस्य एकाच वेळी भागधारक व भाडेकरू, अशी ही सहभागीदारी होती. अशा संस्थेत समितीच्या शब्दामागे उपविधींइतकेच नात्यागोत्याच्या भिडेचे बळ असणार, असे मानावयास जागा आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि मालकी सदनिकांविषयीचा १९६३ चा अधिनियम यांनी हा क्रम उलटविला. सदनिका विकणाऱ्या प्रवर्तकावर खरेदीदारांची संस्था नोंदविण्याचे बंधन आले. पूर्वी समाज आधी आणि इमारत नंतर. आता करारनामा आधी आणि शेजारी नंतर. परस्परांना अपरिचित अशा कुटुंबांतून अध्यक्ष, सचिव व खजिनदार निवडले जाऊ लागले. पद मानद राहिले. परंतु समितीच्या निर्णयांची जबाबदारी कायद्याने तिच्या सदस्यांवर संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्याही टाकली. भिडेची जागा उपविधींनी घेतली.

या स्थित्यंतराची खूण इतिवृत्ताच्या भाषेत उमटते. पाण्याच्या वेळा, गळती, थकबाकी यांवरून झालेला कडाक्याचा वाद तेथे 'साधकबाधक चर्चा' होतो. ठरावाला सूचक आणि अनुमोदक लाभतात आणि अखेरीस 'सर्वानुमते' हा शब्द मतभेदावर पडदा टाकतो. ही कृत्रिमता निरर्थक नव्हे. दुसऱ्या दिवशी त्याच जिन्यावर भेटणाऱ्या माणसांना भांडण विसरण्याची सोय ती करून देते.

तथापि ज्ञातीचा प्रश्न मावळला नाही. सदस्यत्व पारशी समाजापुरते मर्यादित ठेवणारा अहमदाबादच्या झोरोआस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेचा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरविला. २०११ च्या सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापण्याचा हक्क मूलभूत हक्कांत समाविष्ट केला. त्या दुरुस्तीतील राज्यांच्या सहकारी संस्थांविषयीचा भाग २०२१ मध्ये रद्दबातल झाला, तरी हा हक्क टिकून आहे. एकत्र राहण्याच्या स्वातंत्र्यात कोणाला वगळण्याचे स्वातंत्र्यही येते काय, हा वाद न्यायालयात एका अर्थाने मिटला. नागरी समाजात मिटलेला नाही. एक सदस्य, एक मत हे तत्त्व संस्थेच्या दाराच्या आत समता देते. दार कोणासाठी उघडावयाचे, हे मात्र आत असलेलेच ठरवितात. आणि विनावेतन कारभाराचे खरे वजन याच निर्णयात आहे.