‘देव’ शब्दाचा अर्थ आणि पालि परंपरा

पालि ग्रंथांचे वाचन नव्याने आरंभिलेला उपासक एका शंकेपाशी हमखास थबकतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. उलट विहारात आपण म्हणतो त्या वंदनेत भगवान बुद्धांना देवांचे व मनुष्यांचे शास्ते म्हटले आहे. मग बौद्ध धम्मात देव आहेत की नाहीत? ‘तुमच्याही ग्रंथांत देव आहेतच’ असे म्हणणारा आणि ते ऐकून गोंधळणारा, दोघेही ‘देव’ शब्दाचा अर्थ सर्वत्र एकच आहे असे गृहीत धरतात. शब्दाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

‘देव’ हा शब्द प्रकाशणे या अर्थाच्या धातूशी संबंधित आहे. वेदांत तो पूज्य शक्तींचा वाचक आहे, तर इराणातील अवेस्तेत त्याचाच सहोदर ‘दएव’ हा शब्द दुष्ट शक्तींचा वाचक झाला. इ. स. पू. तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने ‘देवानंपिय’, म्हणजे देवांना प्रिय, हे बिरुद धारण केले. त्याच्या आठव्या शिलालेखात पूर्वीच्या राजांना गिरनारच्या पाठात ‘राजे’ म्हटले आहे, तर कालसीच्या पाठात त्याच जागी ‘देवानंपिय’ हा शब्द आहे. याच लेखाचा एक तुकडा १८८२ साली आपल्या सोपारा येथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. पुढे संस्कृत वैयाकरणांनी हेच बिरुद ‘मूर्ख’ या अर्थी नोंदविले!

पालि परंपरेला या अनेकार्थतेची पूर्ण जाणीव होती. चूळनिद्देसात देवांचे तीन प्रकार सांगितले आहेत. राजे, राजकुमार व राण्या हे लोकसंमतीने म्हटलेले ‘सम्मुतिदेव’. देवलोकात जन्मलेले ते ‘उपपत्तिदेव’. आणि चित्तमल नष्ट झालेले अर्हत हे ‘विसुद्धिदेव’. यांपैकी सृष्टिकर्ता एकही नाही. उपपत्तिदेवही कर्माच्या नियमाने जन्मतात आणि आयुष्य संपताच च्युत होतात.

सृष्टिकर्त्याच्या कल्पनेसाठी पालित ‘इस्सर’ हा निराळा शब्द आहे, आणि भगवंतांचा आक्षेप तिथे आहे. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात ते विचारतात की, सर्व सुखदुःख ईश्वरनिर्मित असेल तर प्राणिहत्या करणाराही ईश्वरामुळेच हत्यारा ठरेल. मग काय करावे आणि काय करू नये याचा विचार उरतो कोठे? ब्रह्मजालसुत्तातील महाब्रह्मा रिकाम्या विमानात प्रथम जन्मतो, सोबतीची इच्छा करतो, आणि नंतर इतर प्राणी आपापल्या कारणांनी तेथे जन्मताच ‘यांना मीच निर्माण केले’ अशी समजूत करून घेतो. येथे ब्रह्म्याचे अस्तित्व नाकारलेले नाही. नाकारले आहे ते त्याचे कर्तेपण.

म्हणून पहिली प्रतिज्ञा आणि वंदना यांत विरोध नाही. प्रतिज्ञा उपास्य दैवतांविषयी बोलते, वंदना शिष्यांविषयी. शास्त्यापाशी शिकावयास येणारा देव कोणाचा तारक होऊ शकत नाही. यापुढे कोणी ‘तुम्ही देव मानता का?’ असे विचारल्यास उपासकाने प्रथम विचारावे, ‘देव म्हणजे आपणांस कोण अभिप्रेत आहे?’ अर्धा वाद तेथेच मिटेल. उरलेला अर्धा, म्हणजे आपल्या कर्माची जबाबदारी कोणाची हा प्रश्न, खरोखर वाद घालण्याजोगा आहे.