तुरटी, निवळी आणि विहारचे पाणी

पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात भायखळ्याच्या चाळींतून तुरटीला मोठा मान असे. नळाचे पाणी जरा तांबूस दिसले की घरातली आजी तुरटीचा खडा हंड्यात चार वेळा फिरवी, आणि सकाळपर्यंत गाळ तळाशी बसलेला असे. आपणांपैकी पुष्कळांनी हे पाहिले असेल. आता सांगा बघू, त्या खड्याने पाण्यातून काय काढले? माती, असे आपण चटकन म्हणाल. खरे आहे, पण अर्धेच.

ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. गढूळ पाणी निवळण्याचे सात उपाय सुश्रुतसंहितेत दिले आहेत, त्यांत पहिले नाव कतकाचे, म्हणजे आपल्या निवळीच्या बीचे. बी मडक्याला आतून घासायची आणि वर पाणी भरायचे. पाणी निवळले म्हणजे शुद्ध झाले, अशी आपली समजूत तेव्हापासूनची असावी. मुंबईच्या पाण्यानेच ही समजूत खोटी पाडली आहे.

हे बेट पूर्वी तळी आणि विहिरींवर जगत होते. हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरच्या योजनेप्रमाणे विहार तलावाचे काम 1856 साली सुरू झाले, आणि 1860 मध्ये साष्टीच्या डोंगरांतले पाणी नळांनी शहरात आले. पुढे 1884 साली भायखळ्याच्या शेजारी, माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर, जलाशय बांधला गेला. पण विहार म्हणजे झाडीच्या खोऱ्याला घातलेला बांध. तिथे पाला पडतो, कुजतो, आणि आधणात चहा उतरावा तसा त्याचा अर्क पाण्यात उतरतो. हा अर्क फडक्याने गाळून जात नाही, कारण तो विरघळलेलाच असतो.

त्या काळचे रसायनज्ञ या सेंद्रिय द्रव्याला फार भीत. वँकलिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1867 साली ते अमोनियाच्या रूपाने मोजण्याची रीत काढली. फ्रँकलंडने लगेच दुसरी काढली, आणि दोघांत चांगलीच जुंपली. आमच्या भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात रसायन शिकवणारे डॉ. लायन हे मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषकही होते, त्यांची पिढी याच वादात वाढलेली. पाणी चांगले की वाईट, याचा निवाडा परीक्षानळीत होई.

मग कोख आला. कलकत्त्याच्या तळ्यात 1884 साली त्याने पटकीचे जंतू दाखवले, आणि रोग जंतूंनी होतो, पाल्याच्या अर्काने नव्हे, हे हळूहळू पटले. जंतू मारायला क्लोरिन मिळाला. अमेरिकेत जर्सी सिटीने 1908 साली तो नेमाने वापरायला सुरुवात केली, आणि साऱ्या जगाने तो उचलला. त्याने किती प्राण वाचवले याची गणती नाही. मात्र सेंद्रिय द्रव्याची चिंता अडगळीत पडली.

ती परत बाहेर काढली हॉलंडमधल्या रूक नावाच्या रसायनज्ञाने. क्लोरिन आणि हाच पाल्याचा अर्क एकत्र आले की क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडे तयार होतात, हे त्याने 1974 साली दाखवून दिले. अमेरिकेने 1979 मध्ये या द्रव्यांना लिटरमागे एकूण 100 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. आपल्या 2012 च्या भारतीय मानकातही क्लोरोफॉर्मला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. जुन्या रसायनज्ञांचे कारण चुकले होते, संशय मात्र रास्त होता. मला तर त्यांची थोडी दयाच येते.

आता क्लोरिन सोडावा म्हणाल तर पटकी दाराशी उभीच आहे. तेव्हा क्लोरिन घालण्यापूर्वी अर्कच कमी केला पाहिजे. इथे तुरटीचे उरलेले अर्धे काम दिसते. अर्काच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. ॲल्युमिनियमचा भार धन. तो कणांना गाठतो, त्यांचे भांडण मिटवतो, आणि कापसाच्या पुंजक्यांसारखा साका बनतो. काही अर्क या पुंजक्यांना चिकटूनच खाली जातो. मात्र गढूळपणा घालवण्यापुरती मात्रा इथे पुरत नाही. बहुधा ती वाढवावी लागते, आणि पाणी किंचित आम्ल असले तर काम अधिक चांगले होते. मोठे रेणू सहज खाली येतात. लहान मात्र बरेचसे हुलकावणी देऊन निसटतात.

भांडुपचे प्रचंड शुद्धीकरण केंद्र 1980 च्या सुमारास चालू झाले, तेव्हापासून मुंबईच्या बहुतेक पाण्याला साका बसवून आणि वाळूतून गाळूनच पुढे पाठवतात. पाण्याला मात्रा किती द्यायची, हे ठरवण्याची रीत बहुतेक ठिकाणी एकच आहे. प्रयोगशाळेत सहा काचेची भांडी ओळीने ठेवतात, प्रत्येकात वेगळी मात्रा घालतात, आधी जोरात आणि मग हळू ढवळतात, आणि साका बसेपर्यंत थांबतात. आजीच्या हंड्याहून फरक इतकाच की वरचे निवळ पाणी काढून त्यात विरघळलेले काय उरले, तेही मोजता येते.