रँटी मार्टिन्स : परक्या भूमीवरील गोलांचा धनी

कोल्हापूर - कुस्तीच्या तालमींनी ज्या शहरात फुटबॉलचे संघ उभे केले, त्या कोल्हापूरला गोव्याचे फुटबॉल कधी परके वाटले नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींची नावे जशी शाहू स्टेडियमवर घुमतात, तशीच धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स ही नावे आंबोली घाटाखाली मडगावच्या फातोर्डा मैदानावर घुमत असत. या मैदानावर सर्वाधिक जयघोष ज्याच्या वाट्याला आला, तो खेळाडू ना गोव्याचा होता, ना भारताचा. नायजेरियातून वयाच्या विशीच्या आत येथे आलेला रँटी मार्टिन्स सोलेये हा राष्ट्रीय लीग व आय-लीग या दोन्ही स्पर्धा मिळून दोनशेहून अधिक गोल करणारा आघाडीवीर ठरला. या स्पर्धांच्या इतिहासात त्याच्याइतके गोल दुसऱ्या कोणाच्याही नावावर नाहीत.

परदेशात पोट भरण्यासाठी गेलेल्या आफ्रिकी खेळाडूची कहाणी सांगताना आपल्या डोळ्यांपुढे लंडन, पॅरिस, मिलान ही शहरे येतात. हजारो आफ्रिकी फुटबॉलपटूंच्या दृष्टीने मात्र ‘परदेश’ म्हणजे पणजी, कोलकाता किंवा शिलाँगही असते, हे रँटीच्या कारकिर्दीवरून ध्यानात येते.

आधीची वाट

भारतातील क्लबांना आफ्रिकेची ओळख रँटीने करून दिली नव्हती. ती वाट चिमा ओकोरी या नायजेरियन खेळाडूने रुंद केली. शिक्षणासाठी भारतात आलेला चिमा १९८५ मध्ये कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगकडून खेळू लागला, पुढे ईस्ट बंगालमध्ये गेला आणि १९९१ मध्ये मोहन बागानने त्याला घेतले, तेव्हा परदेशी खेळाडू न घेण्याची त्या क्लबची जुनी परंपरा मोडली.

१९९६-९७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि क्लबांची गरज बदलली. वर्षभर चालणाऱ्या स्पर्धेत हमखास गोल करणारा माणूस हवा होता. त्याच सुमारास नायजेरियाचे फुटबॉल जगाच्या नजरेत भरले होते. १९९४ मध्ये तो देश प्रथमच विश्वचषकात खेळला आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकचे सुवर्णपदक त्याने पटकावले. तेथील गल्लीगल्लीतील मुलांना फुटबॉल हा व्यवसाय म्हणून दिसू लागला. युरोपच्या मोठ्या क्लबांची दारे मोजक्यांसाठीच उघडत होती. उरलेल्यांनी पश्चिम आशिया, आग्नेय आशिया आणि भारत या दिशा धरल्या.

गोव्यातील क्लबांकडे तेव्हा पैसा होता. धेंपो आणि साळगावकर ही खाण व्यवसायातील घराणी. लोहखनिजाच्या उत्पन्नातून त्यांनी आपापले संघ दशकानुदशके पोसले. कोलकात्यासारखा लाखोंचा प्रेक्षकवर्ग नसतानाही गोव्याचे संघ परदेशी खेळाडूंना नियमित मानधन देऊ शकत होते, त्यामागे हे कारण होते.

शोकातून उभा राहिलेला संघ

रँटी २००४ मध्ये धेंपो क्लबमध्ये दाखल झाला. क्लबच्या दृष्टीने ते वर्ष विसरता न येण्यासारखे आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे मोहन बागानविरुद्ध फेडरेशन चषकाचा अंतिम सामना खेळताना धेंपोचा ब्राझिलियन आघाडीवीर ख्रिस्तियानो ज्युनियर गोल करण्याच्या क्षणी गोलरक्षकाशी धडकला, मैदानातच कोसळला आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. धेंपोने तो चषक जिंकला. पण परदेशात खेळणाऱ्या खेळाडूचे आयुष्य किती बेभरवशाचे असते, याचे ते विदारक दर्शन होते. मैदानावरील तातडीच्या वैद्यकीय सोयींचा प्रश्न त्यानंतर देशभर चर्चिला गेला. क्लबने ख्रिस्तियानोची दहा क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली.

त्याच मोसमात, म्हणजे २००४-०५ मध्ये, धेंपोने प्रथमच राष्ट्रीय लीग जिंकली. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांनी बांधलेला हा संघ मुख्यतः गोमंतकीय होता. महेश गवळी आणि समीर नाईक यांचा बचाव, मध्यभागी क्लायमॅक्स लॉरेन्स, डाव्या बगलेवर क्लिफर्ड मिरांडा, आक्रमण रचणारा ब्राझिलियन बेटो आणि सर्वांत पुढे रँटी, अशी पुढच्या काळात या संघाची घडी बसली. वर्षानुवर्षे एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली एकत्र खेळणारा असा संघ भारतात दुर्मिळच. रँटीच्या यशाचे गुपित या घडीत होते. चेंडू कोठून आणि केव्हा येणार, हे त्याला ठाऊक असे. आणि तो कोठे उभा असेल, हे इतरांना.

२००५-०६ मध्ये १३ गोल करून तो प्रथमच राष्ट्रीय लीगमधील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. त्यानंतर धेंपोने २००६-०७ ची राष्ट्रीय लीग आणि २००७-०८, २००९-१० व २०११-१२ या मोसमांतील आय-लीग जिंकली. २००८ मध्ये एएफसी चषक स्पर्धेत सिंगापूरच्या होम युनायटेडला मागे टाकून धेंपोने उपांत्य फेरी गाठली. तेथे लेबनॉनच्या सफा क्लबने त्यांची वाटचाल रोखली. तरीही भारतीय क्लबने आशियाई पातळीवर इतकी मजल मारणे ही त्या काळी मोठी बातमी होती.

ओडाफाशी स्पर्धा

रँटीच्या कारकिर्दीची उंची समजून घ्यायची, तर ओडाफा ओकोलीचे नाव घ्यावेच लागते. हाही नायजेरियाचा, हाही गोव्यात. पण प्रतिस्पर्धी चर्चिल ब्रदर्सकडे. २००६-०७ पासून सलग चार मोसम सर्वाधिक गोलांचा मान ओडाफाने स्वतःकडे ठेवला. २००७-०८ च्या पहिल्या आय-लीगमध्ये प्रत्येक संघाच्या वाट्याला अवघे १८ सामने असताना त्याने २२ गोल केले.

नंतर पारडे फिरले. रँटीने २०१०-११ मध्ये ३०, २०११-१२ मध्ये ३२ आणि २०१२-१३ मध्ये २६ गोल केले. लीगमध्ये प्रत्येक संघाला २६ सामने असत. म्हणजे तीन मोसमांत ८८ गोल ही मजल सामन्यामागे एका गोलाहूनही पुढची. यातील २०१०-११ च्या मोसमात विजेतेपद धेंपोकडे नव्हे, साळगावकरकडे गेले, हेही लक्षात घेण्याजोगे. एकट्याचे गोल लीग जिंकून देत नाहीत.

२००४-०५ ते २०१२-१३ या सलग नऊ मोसमांत देशाच्या अव्वल लीगमधील सर्वाधिक गोल नायजेरियन खेळाडूनेच केले. पहिल्या वर्षी स्पोर्टिंग क्लब द गोवाचा डुडू ओमाग्बेमी, नंतर रँटी आणि ओडाफा. याच नऊ मोसमांत विजेतेपद एकदाही पश्चिम किनारा सोडून गेले नाही. २००५-०६ मध्ये मुंबईच्या महिंद्र युनायटेडने बाजी मारली. उरलेल्या आठही वेळा चषक गोव्यात आला. कोलकात्याची मिरास मोडण्यात गोमंतकीय मध्यरक्षक व बचावपटूंइतकाच या तीन परदेशी आघाडीवीरांचा वाटा होता.

गोव्याबाहेर

आठ वर्षांच्या सहवासानंतर २०१२ मध्ये रँटीने धेंपो सोडले आणि तो कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडमध्ये गेला. संघ बदलला, प्रेक्षक बदलले, तरी गोल थांबले नाहीत. २०१३ मध्ये या संघाने आयएफए शील्ड जिंकली. परंतु त्याच वर्षी प्रायोजकाचे नाव गळाले आणि क्लब पुन्हा युनायटेड स्पोर्ट्स क्लब म्हणून ओळखला जाऊ लागला. रँटी शिलाँगच्या रंगदाजिएड युनायटेडकडे वळला. हा संघ आय-लीगमध्ये जेमतेम एक मोसम टिकला.

२०१४ मध्ये ईस्ट बंगालने त्याला करारबद्ध केले, तेव्हा तेथे प्रशिक्षकपदी पुन्हा आर्मांदो कुलासोच होते. कुलासो काही महिन्यांनी गेले, रँटी राहिला. २०१४-१५ मध्ये १७ आणि २०१५-१६ मध्ये १२ गोल करून त्याने आणखी दोनदा पहिला क्रमांक मिळविला. तीन वेगवेगळ्या क्लबांकडून सहा वेळा हा मान मिळविणे ही त्याची खास कामगिरी होय.

नियमांच्या चौकटीत

व्यावसायिक परदेशी खेळाडूचे जीवन बाहेरून झगमगीत दिसते. आतून ते करारपत्रावर तोललेले असते. करार बहुधा एका-दोन मोसमांचा. व्हिसा त्या नोकरीशी बांधलेला. संघात परदेशी खेळाडूंच्या जागा ठरलेल्या. त्यामुळे दुखापत झाली, की ती जागा दुसऱ्याला देण्याचा मोह क्लबला होतो. भारतीय खेळाडू दोन महिने फॉर्मात नसला तर राखीव बाकावर बसतो. परदेशी खेळाडूला मात्र मायदेशीचे विमान धरावे लागण्याची भीती असते. अशा स्थितीत बारा वर्षे एका देशात टिकणे हे दोनशे गोलांइतकेच अवघड काम आहे.

नायजेरियाच्या वरिष्ठ राष्ट्रीय संघात रँटीला कधी स्थान लाभले नाही. भारतीय लीगमधील गोल लागोसपर्यंत ऐकू जात नाहीत, ही परदेशातील लहान लीगमध्ये खेळणाऱ्या प्रत्येकाची व्यथा. भारतासाठी खेळण्याचा मार्गही सोपा नव्हता. देशाच्या संघात खेळण्यासाठी भारतीय पासपोर्ट लागतो. तो हवा तर दीर्घकाळ वास्तव्याची अट पुरी करावी लागते आणि मूळ नागरिकत्व सोडावे लागते. पुणे एफसीकडून खेळलेल्या इझुमी अराताने जपानी नागरिकत्व सोडून २०१३ मध्ये भारताकडून पदार्पण केले. पण त्याचे वडील भारतीय वंशाचे होते. रँटीला असा धागा नव्हता.

टाळ्या आणि तिटकारा

गोव्याने रँटीवर प्रेम केले, हे खरे. त्याच गोव्याने इतर नायजेरियनांकडे कसे पाहिले, हेही नोंदविले पाहिजे. ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस उत्तर गोव्यात एका नायजेरियन तरुणाची हत्या झाली. त्याच्या देशबांधवांनी पर्वरी येथे महामार्ग अडविला आणि त्यानंतर संपूर्ण समाजाविरुद्ध कटू वक्तव्ये झाली. भाड्याने घर देऊ नका, येथपर्यंत मजल गेली. ज्या रंगाच्या, ज्या देशाच्या खेळाडूंना आठवड्याच्या शेवटी डोक्यावर घ्यायचे, त्याच देशाच्या सामान्य माणसाला मात्र संशयाने वागवायचे, ही विसंगती केवळ गोव्याची नाही. मैदानावरील टाळ्या हा स्वीकाराचा पुरावा मानता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

भारतीय आघाडीवीरांचे काय?

परदेशी खेळाडूंविषयीचा एक आक्षेप मात्र गंभीरपणे घेण्याजोगा आहे. १९९६-९७ च्या पहिल्या राष्ट्रीय लीगमध्ये बायचुंग भूतियाने १४ गोलांसह पहिला क्रमांक मिळविला होता. नव्या शतकात मात्र २०१३-१४ मध्ये सुनील छेत्रीने तितक्याच गोलांसह संयुक्तपणे हा मान मिळवीपर्यंत एकही भारतीय तेथे पोहोचला नाही. क्लब गोल करण्याची जबाबदारी परदेशी खेळाडूवर टाकत आणि भारतीय आघाडीवीराला बगलेवर किंवा बाकावर पाठवीत.

याची दुसरी बाजूही आहे. रोजच्या सरावात रँटीला अडविणारा बचावपटू कोणत्याही शिबिरापेक्षा अधिक शिकत होता. दोष त्यामुळे खेळाडूंचा नव्हे; विजयाच्या घाईत स्थानिक आघाडीवीर घडविण्याचे काम टाळणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

हा प्रश्न कोल्हापूरलाही लागू पडतो. येथील स्थानिक संघांनीही पुढे परदेशी, विशेषतः आफ्रिकी, खेळाडू मैदानात उतरविले. त्यांच्यामुळे प्रेक्षकांची गर्दी वाढते, खेळाचा वेग वाढतो. मात्र पेठेतल्या मुलाची एक जागा कमी होते. याच शहराचा अनिकेत जाधव हा आघाडीवीर २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. असे खेळाडू आणखी घडावेत, असे वाटत असेल, तर पाहुणा खेळाडू किती आणि कोणत्या जागेवर, याचा हिशेब तालमींनीच मांडावयास हवा.

एका पर्वाचा शेवट

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. कारकिर्दीच्या उतारावरील युरोपीय व दक्षिण अमेरिकी तारे तिचे आकर्षण ठरले. आय-लीगच्या सर्वाधिक यशस्वी परदेशी आघाडीवीराला तेथे जागा मिळाली नाही. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. २०१२ मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्याने तेथील अर्थकारण आधीच हादरले होते. महिंद्र युनायटेडने तर २०१० मध्येच गाशा गुंडाळला होता. २०२२-२३ पासून आय-लीग ही दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा झाली. रँटीचा विक्रम त्यामुळे अशा एका स्पर्धेच्या दप्तरात आहे, जिचे अव्वलपण संपले आहे. तेथे तो मोडण्याची शक्यता धूसर आहे. आणि नव्या पिढीच्या स्मरणातून तो पुसला जाण्याची शक्यता तितकीच दाट.

कारकीर्द एका दृष्टिक्षेपात

- जन्म : १९८६, नायजेरिया
- धेंपो स्पोर्ट्स क्लब, गोवा : २००४ ते २०१२
- प्रयाग युनायटेड, कोलकाता : २०१२-१३
- रंगदाजिएड युनायटेड, शिलाँग : २०१३-१४
- ईस्ट बंगाल, कोलकाता : २०१४ ते २०१६
- राष्ट्रीय विजेतेपदे (धेंपोसह) : २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१०, २०११-१२
- मोसमातील सर्वाधिक गोल : २००५-०६ (१३), २०१०-११ (३०), २०११-१२ (३२), २०१२-१३ (२६), २०१४-१५ (१७), २०१५-१६ (१२)